काठीला सांधा आला तेव्हा

"काका, नुसतं फिरतंय. धरतच नाही."

ट्रेकिंग पोल घेऊन माझ्या दारात येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच असतं. पावसाळा सरत आला की ही ये-जा वाढते. माझी उभी हयात भोसरीच्या एका टूलरूममध्ये लेथ आणि ग्राइंडिंग मशीनपुढे गेली. डोंगरांचा नाद त्याच्याही आधीचा. आमच्या गटात दोन्हीकडचं कळणारा माणूस एकच, म्हणून सगळ्यांच्या काठ्या माझ्याकडे. पोल हातात घेतो, खालची नळी उलटसुलट फिरवून बघतो आणि ‘उद्या संध्याकाळी ये’ म्हणतो. काम खरं तर दहा मिनिटांचं असतं. पण आलेल्याला चहा पाजून थोडं बोलल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि बोलायचं म्हणजे मागे जावं लागतं.

काठी ही मुळात बिघडण्याची वस्तूच नव्हती. एक दांडा, खाली लोखंडी शेंबी. दांडा मोडला तर मोडला, नाहीतर शाबूत. कधी धरणारी, कधी न धरणारी काठी हा प्रकार आपल्या आजोबांना सांगितला असता तर ते हसले असते. एकोणिसशे सत्तरच्या दशकात काठीचे तुकडे करून ते एकात एक बसवले गेले, आणि त्या दिवसापासून काठीला देखभाल लागली. तोवर चारशे वर्षं तरी डोंगरातली काठी अखंडच होती.

चारशे वर्षं हा आकडा हवेतून काढलेला नाही. झ्युरिकला योसियास झिमलर नावाचे एक पंडित होते, धर्मशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी १५७४ साली आल्प्स पर्वतावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. बर्फातून जाताना तिथले लोक काय काय वापरतात ते त्यात दिलेलं आहे: बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे, डोळ्यांवर काळी काच, आणि लोखंडी टोकाच्या लांब काठ्या. म्हणजे मेंढपाळ, व्यापारी, खिंडीतून माल नेणारे हमाल हे सगळे तेव्हाच पारंगत होते. हौशी गिर्यारोहक पुढे दोनशे वर्षांनी उगवला.

या काठीला अल्पेनस्टॉक म्हणत. माणसाच्या डोक्याच्या वर जाईल एवढी लांब, बहुधा ॲशच्या लाकडाची. ८ ऑगस्ट १७८६ रोजी शामोनीचे जाक बाल्मा आणि डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार माँ ब्लाँच्या माथ्यावर पोहोचले तेव्हा त्यांच्याकडे ना दोर होता, ना बर्फाची कुऱ्हाड. होत्या त्या काठ्याच. वाटेत हिमनदीच्या भेगांवर बर्फाचे नाजूक पूल असतात. पायाखालचा पूल खचला की काठी आडवी टाकायची, ती भेगेच्या दोन्ही काठांवर टेकायची आणि माणूस तिच्यावर लोंबकळत राहायचा. आजचा अर्धा किलो वजनाचा जोड तिथे आडवा टाकला तर काय होईल याचा विचार न केलेला बरा.

पुढच्याच वर्षी जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर १८ वाटाडे घेऊन त्याच शिखरावर गेले. अवघड उतरणीवर साहेबाला खाली आणायची त्या वाटाड्यांची युक्ती मला फार आवडते. एक वाटाड्या पुढे, एक मागे, दोघांच्या हातात एकाच लांब काठीची दोन टोकं, आणि दरीच्या बाजूने धरलेल्या त्या काठीचा आधार घेत मधून साहेब. चालता कठडाच म्हणायचा. काठीची लांबी तिथे कामाला आली. ती आखूड करता यावी असं त्या काळी कुणाच्या मनातही आलं नसणार.

मग पर्यटक आले. १८५२ पासून लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये अल्बर्ट स्मिथ हे गृहस्थ माँ ब्लाँच्या चढाईचा रंगमंचावर कार्यक्रम करायचे, आणि तो वर्षानुवर्षं गर्दीत चालला. आल्प्सला जाणं ही चैन झाली आणि अल्पेनस्टॉक ही मिरवायची वस्तू. गावोगावी तापल्या लोखंडाने काठीवर त्या त्या ठिकाणाचं नाव डागून द्यायचे. मार्क ट्वेनने १८८० च्या ‘अ ट्रॅम्प अब्रॉड’मध्ये या हौसेची यथेच्छ टिंगल केली आहे. ज्यांना खरोखर बर्फात पायऱ्या खोदायच्या होत्या त्यांनी तोवर काठी आणि कुऱ्हाड एकत्र करून आइस ॲक्स घडवली होती. तिचा दांडा दर पिढीला आखूड होत गेला आणि लांब काठी शिखरावरून खाली उतरली, ती जवळजवळ शंभर वर्षं तिकडे परत गेली नाही.

आपल्याकडे या इतिहासातली एकही पायरी घडली नाही, कारण गरजच नव्हती. सिंधुदुर्गातला माणगा हा बांबू जवळजवळ भरीव असतो. तो सरळ वाढतो, हातात मावतो आणि पडल्यावर फुटत नाही. घाटावर मानवेल मिळतो. धनगराच्या खांद्यावरची काठी, वारीला निघालेल्या म्हाताऱ्याची काठी, घाटवाट उतरणाऱ्या कातकऱ्याची काठी, सगळ्या त्याच घरातल्या. आणि आजही गिरनारला जाणारे आपल्याकडचे दत्तभक्त भवनाथ तळेटीला बांबू भाड्याने घेतात, दहा हजारांच्या घरातल्या पायऱ्या चढून-उतरून तो परत करतात. भाड्याच्या काठीची देखभाल ना घेणाऱ्याला करावी लागते, ना देणाऱ्याला. विश्वासार्हतेत त्या बांबूला मागे टाकेल असा पोल मी अजून पाहिलेला नाही. फक्त तो एस.टी.च्या खिडकीतून आत घेताना कंडक्टरशी बोलणी करावी लागतात, आणि कळसूबाईच्या लोखंडी शिडीवर दोन्ही हात मोकळे हवे असतात तेव्हा त्याचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. सांध्याची गोष्ट याच प्रश्नापासून सुरू होते.

काठी डोंगरात परतली ती स्कीइंगच्या वाटेने. जुन्या काळी स्की करणारे एकच दांडा वापरायचे. ऑस्ट्रियातल्या लिलिएनफेल्डचे माथियास झ्डार्स्की हे त्या एका काठीच्या पंथाचे मोठे गुरू. विसाव्या शतकात दोन काठ्यांचा पंथ जिंकला. त्या काठ्या बहुतेक टोंकिन बांबूच्या असत, आणि हा बांबू यायचा दक्षिण चीनमधून. म्हणजे युरोपातला बर्फ तुडवायला आशियाचा वेळूच लागत होता. पुढे पोलादी नळ्या आल्या. त्या जड. १९५८ साली अमेरिकेत आयडाहोमधल्या सन व्हॅलीचे एड स्कॉट यांनी निमुळत्या ॲल्युमिनियम नळीची स्की-काठी बाजारात आणली आणि बांबूचे दिवस भरले.

नळी आली म्हणजे पोकळी आली. पोकळीत दुसरी नळी सरकवता येते हे सांगायला इंजिनियर लागत नाही. तरी ते बाजारात यायला सोळा वर्षं गेली. जर्मनीत श्टुटगार्टच्या जवळ किर्शहाइम उंटर टेक नावाचं गाव आहे. तिथे कार्ल लेनहार्ट यांनी १९४८ साली सुरू केलेली लेकी ही कंपनी आहे. तिने १९७४ साली ‘मकालू’ नावाचा पोल काढला. लांबी कमी-जास्त करता येणारा पहिला ट्रेकिंग पोल म्हणून त्याचंच नाव घेतात. नाव ठेवलं ८४८५ मीटरच्या शिखराचं, पण कमाल होती आतल्या अंगठ्याएवढ्या तुकड्याची.

तो तुकडा मी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतोच. खालची नळी वरच्या नळीतून पूर्ण बाहेर ओढून काढायची. तिच्या वरच्या टोकाला आट्यांचा एक बारीक दांडा दिसेल आणि त्यावर प्लास्टिकची एक नळकांडी. तिला उभ्या चिरा आहेत. आत एक शंकू आहे. दांडा फिरवला की शंकू नळकांडीत ओढला जातो, चिरा फाकतात, नळकांडी फुगते आणि बाहेरच्या नळीला आतून घट्ट धरते. टूलरूममध्ये याला एक्सपांडिंग मॅन्ड्रेल म्हणतात. ज्या रिंगचं भोक आधीच अचूक मापात झालंय, तिची बाहेरची बाजू लेथवर घ्यायची तर तिला आतूनच धरावं लागतं. पहिल्यांदा पोल उघडला तेव्हा मला ओळखीचा माणूस परगावी भेटावा तसं झालं.

यात मेख एकच आहे, आणि ‘नुसतं फिरतंय’ची सगळी गोष्ट तिच्यात आहे. शंकू आत ओढला जायचा तर आट्यांचा दांडा फिरला पाहिजे आणि नळकांडी मात्र जागेवर थांबली पाहिजे. तिला थांबवतो कोण? बाहेरच्या नळीच्या भिंतीशी होणारं तिचं घर्षण. म्हणजे घट्ट होण्याआधीच तिला थोडी पकड हवी. ती पकड नसली की दांडा, शंकू, नळकांडी सगळं एकजीव होऊन गरगर फिरतं. तुम्ही दहा वेळा फिरवा नाहीतर शंभर वेळा. जोर लावण्याने हा प्रश्न सुटत नाही. उलट, पोल चुकून धरलाच तर त्या जोराने नळकांडी चिरेपाशी फुटते.

पकड जाते कशाने? पाणी, गाळ, झीज आणि तेल. यातलं तेल आपण होऊन घालतो. काही अडलं की तेल सोडायचं हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. दाराची बिजागरी, सायकलची साखळी, शिवणयंत्र, सगळ्यांना चालतं, मग पोलला का नाही? कारण इथे घर्षण हाच नोकर आहे आणि तेल त्याला घरी पाठवतं. गंज सोडवायचे फवारे आत मारलेले पोल माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी नाकानेच ओळखतो. मग गरम पाणी, भांड्यांचा साबण, बारीक काठीला गुंडाळलेलं फडकं, आणि नळी आतून करकर वाजेपर्यंत धुणं. एवढं करूनही आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत झालेली असेल तर बारीक पॉलिश पेपर काठीला गुंडाळून दोन-चार हात फिरवायचे. नळकांडीवरूनही तोच पेपर हलक्या हाताने. आता खरी गोम: नळी आत घालण्याआधी नळकांडी बोटाने फिरवून जराशी फुगवून घ्यायची. कितपत? नळी आत सरकताना किंचित अडखळली पाहिजे, दाबली की गेली पाहिजे. त्या अडखळण्यातच पहिली पकड आहे. मग फिरवा, दोन वेढ्यांत धरते.

याच्या उलट दुखणं म्हणजे सांधा जाम होणं. याचं मूळ धातूत आहे आणि धातूचा इतिहास थेट युद्धात जातो. चांगल्या पोलच्या नळ्या ७०७५ या मिश्रधातूच्या असतात. ॲल्युमिनियममध्ये जस्त, मॅग्नेशियम आणि तांबं. १९३०च्या दशकात जपानच्या सुमितोमो कंपनीने या प्रकारचा मिश्रधातू गुपचूप तयार केला आणि जिरो होरिकोशी यांनी आखलेल्या मित्सुबिशीच्या झीरो लढाऊ विमानात तो वापरला गेला. हाती लागलेल्या विमानाच्या तुकड्यांवरून अमेरिकेच्या अल्कोआने १९४३ मध्ये तसाच मिश्रधातू बनवला. स्वस्त पोलमध्ये येणाऱ्या ६०६१ च्या तुलनेत याची ताकद पावणेदोनपटीच्या आसपास भरते. म्हणून नळीची भिंत पातळ ठेवता येते, पोल हलका होतो. पण ही ताकद ज्या तांब्या-जस्ताने येते त्यानेच ओलाव्यापुढे तो हळवाही होतो. विमान हँगरमध्ये कोरडं उभं राहतं. आपला पोल जुलैत राजमाचीला जातो, ओला होतो, तसाच मिटून पिशवीत, पिशवी कपाटाच्या वर. दिवाळीनंतर काढायला जावं तर दोन नळ्यांच्या मधल्या जागेत पांढरी पूड धरून सगळं एकमेकांत चिकटलेलं.

अशा पोलला पाना किंवा पक्कड लावू नये. पातळ नळी चेपली की ती पुन्हा गोल होत नाही, आणि गोल नसलेल्या नळीत गोल नळकांडी काय धरणार? सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे दोन्ही नळ्यांना गुंडाळायचे, दोन माणसांनी दोन टोकं धरायची, बाहेरच्या नळीवर गरम पाणी सोडायचं आणि पिळायचं. ॲल्युमिनियम तापून चटकन फुलतं. बाहेरची नळी आतलीच्या आधी तापली पाहिजे, म्हणून पाणी बाहेरच्याच नळीवर आणि बेताचं. दोघांपैकी एकाने तरी तोंड बंद ठेवून फक्त धरून राहावं. इथेच बहुतेक नवरा-बायकोंचं फिसकटतं.

टोकाबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे, पण ते मला सांगावंसं वाटतं. पोलच्या तळाला जो करड्या रंगाचा टणक खिळा असतो तो टंगस्टन कार्बाइडचा. बर्लिनच्या ओसराम कंपनीसाठी काम करणारे कार्ल श्र्यॉटर यांनी १९२३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. विजेच्या दिव्यांच्या तारा ओढायला हिऱ्यांचे साचे लागत, ते महाग, म्हणून ही खटपट होती. क्रुपने तो विडिया या नावाने बाजारात आणला आणि आमच्या पिढीच्या टर्नरला लेथवरच्या कार्बाइड टिपचं दुसरं नाव ठाऊकच नव्हतं. ज्या टिपने मी आयुष्यभर पोलाद कापलं तिच्यावर भार टाकून मी निवृत्तीनंतर डोंगर उतरतो. हा खिळा सहसा झिजत नाही. त्याच्या भोवतीचं प्लास्टिक तुटतं, आणि ते तुटावं अशीच योजना असते: दगडांच्या फटीत टोक अडकलं तर नळी वाकण्याआधी तो स्वस्त भाग जावा. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर, जिथे सगळा दगडगोट्यांचाच उतार, तिथे हे दर मोसमात कुणाचं तरी होतंच.

सांध्याला दुसरा पर्याय आला तो खटक्याचा. १९८९ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतल्या ब्लॅक डायमंड कंपनीने ‘फ्लिकलॉक’ लोकप्रिय केला. नळीला आतून फुगून धरण्याऐवजी बाहेरून कवेत घ्यायचं, एक छोटी दांडी दाबून आवळायचं. पुढे लेकीनेही तसाच खटका आणला, म्हणजे ज्यांनी फिरवण्याचा सांधा जगाला दिला त्यांनीही अखेर मान्य केलं. खटक्याचा मोठा गुण असा की त्याचं सगळं डोळ्यांसमोर आहे. सैल झाला तर दिसतो, शेजारचा छोटा स्क्रू पाव वेढा फिरवला की आवळतो. वाटेत, पावसात, हातमोजे घालून जमतं. दोष आहेतच. स्क्रू कंपनाने हळूहळू ढिला होतो, आणि आपल्या कारवीच्या रानातून जाताना एखादी काटकी दांडीत अडकून खटका उघडतो. त्याची परीक्षा सोपी: दांडी मिटताना अंगठ्याला थोडं दुखलं पाहिजे, आणि मिटल्यावर मुठीवर अंगाचा भार टाकला तरी नळी सरकता कामा नये. ही परीक्षा पायथ्याला घ्यायची. कड्याच्या वर घेऊन उपयोग नाही.

सह्याद्रीच्या पावसाला खटकाच बरा, हे माझं मत झालं आहे. आल्प्समधला गाळ मी पाहिलेला नाही, पण आपली तांबडी जांभ्याची माती ओली असताना लोण्यासारखी आणि वाळल्यावर पॉलिश पेपरसारखी. ती फिरवायच्या सांध्यात शिरली की दोन्ही रूपांत नुकसानच करते. तरी फिरवायच्या पोलवर माझा जीव जास्त आहे. बाहेरून त्याला एक खाच नाही, एक दांडी नाही. सगळी कारागिरी पोटात.

स्प्रिंगवाल्या मुठींना मात्र मी खेळणं म्हणतो. ‘अँटी-शॉक’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. टेकल्यावर काठी दबते आणि जिथे ठाम आधार हवा तिथे हात क्षणभर अधांतरी जातो. शिवाय आत आणखी एक सरकणारा सांधा, म्हणजे माझ्याकडे येण्याचं आणखी एक कारण.

पोल वापरून गुडघ्यांना खरंच फरक पडतो का, हे लोक फार विचारतात. १९९९ मध्ये ऑस्ट्रियातल्या हेरमान श्वामेडर आणि सहकाऱ्यांनी २५ अंशांच्या उतारावर आठ जणांना काठ्यांसह आणि काठ्यांशिवाय चालवून मोजणी केली. काठ्यांमुळे गुडघ्यावरचे जोर १२ ते २५ टक्क्यांनी उतरले. उतारावर, लक्षात घ्या, आणि काठीवर खरोखर भार टाकला तर. नुसती हातात धरून फोटो काढला तर शून्य टक्के. दुसरी बाजूही आहे: आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या वैद्यकीय समितीने बजावून ठेवलं आहे की कायम काठ्यांनी चालणाऱ्याचा तोल सांभाळण्याचा सराव कमी होतो. आमच्या गटातली पोरं तोरण्याच्या बिनी दरवाजापर्यंतही दोन-दोन काठ्या घेऊन जातात तेव्हा मला तो इशारा आठवतो. साठीच्या पुढच्यांना मी काही बोलत नाही. तो क्लब आता माझाही आहे.

आपल्याकडे हे पोल घरोघरी झाले ते अलीकडे. आम्ही हंटर बूट घालून आणि बांबू घेऊन फिरायचो तेव्हा असा पोल दिसायचा तो हिमालयात जाऊन आलेल्या एखाद्याकडे, आणि तोही कुणा परदेशी मोहिमेतल्या माणसाकडून विकत घेतलेला. डिकॅथलॉनसारखी दुकानं आल्यावर तो भाजीच्या पिशवीसारखा सहज घेतला जाऊ लागला. पोल आले, पण सुटे भाग त्यांच्या मागोमाग आले नाहीत. एकदा एका दुकानात मी फक्त ती प्लास्टिकची नळकांडी मागितली. काउंटरवरच्या मुलाने नम्रपणे सांगितलं, सर, नवीन पोलवर सूट आहे. दोन बोटांएवढ्या तुकड्यासाठी पूर्ण काठी टाकायची हे माझ्या हाताला पटेना.

म्हणून मी नळकांडी बनवतो. जुन्या सहकाऱ्याचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, रविवारी लेथ मोकळा असतो. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं, पावसात माप बदलतं, म्हणून ॲसिटलचा दांडा घेतो. बाहेरचं माप नळीच्या आतल्या मापापेक्षा केसभर कमी, शंकूचा उतार मूळ तुकड्यावरून उतरवलेला, आणि चिरा बारीक करवतीने हाताने. पहिला बसला तेव्हा आमचा सहकारी म्हणाला, अरे, एवढ्या कामाला एक दिवस? मी म्हटलं, पगार कुठे मागतोय.

देखभालीचं उरलेलं सगळं सोपं आहे आणि कुणी करत नाही. घरी आल्यावर तिन्ही नळ्या सुट्या करायच्या, पुसायच्या, सावलीत उभ्या ठेवायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या आणि ठेवतानाही न मिटता किंवा निदान सांधे सैल सोडून ठेवायच्या. नळीवर ‘स्टॉप’ची रेघ असते तिच्या पुढे ओढायचं नाही. त्या रेघेच्या वर जेवढी नळी आत उरते तेवढ्यावरच सगळा भार पेलायचा असतो. उंच माणसं रेघ ओलांडतात आणि मग नळी तोंडाशीच वाकते. अशी वाकलेली नळी मी सरळ करत नाही. ७०७५ एकदा वाकून सरळ झाला की पुढच्या वेळी तिथेच तुटतो, आणि तो तुटेल तेव्हा मालक कुठे उभा असेल सांगता येत नाही. कार्बनच्या नळीला तर वाकणं ठाऊकच नाही. तिला खोल ओरखडा दिसला की मी पोल परत देतो आणि चहा पाजून वाटेला लावतो.

वाया गेलेले पोल मात्र मी टाकू देत नाही. माळ्यावर एक पिंप त्यांनी भरलंय. बहुतेक तीन नळ्यांच्या पोलची मापं १८, १६, १४ मिलिमीटर किंवा १६, १४, १२ अशी उतरती असतात, त्यामुळे दोन मेलेल्या पोलमधून एक चालता होतो. सध्या १६ आणि १४ च्या नळ्या रग्गड आहेत. अडलंय ते १२ वर. एका शिक्षिकाबाईंचा डावा पोल त्यावाचून पडून आहे आणि डिसेंबरात त्यांना गिरनारला जायचंय. कुणाच्या घरी तसला मोडका पोल असेल, खालची नळी सरळ असेल, तर भंगारात घालण्याआधी मला विचारा.